बाओसाहेबांच्या विहिरीचं पाणी

“आधी तुम्ही प्या, साहेब,” शाओ म्हणाला.

“मला डॉक्टरांनी गार पाणी बंद केलंय,” म्हणत संचालक यान आपल्या थर्मासमधला चहा प्यायले.

पाणीपुरवठा कचेरीतली सगळी माणसे हेफेई शहरात बाओसाहेबांच्या देवळातल्या विहिरीभोवती उभी होती. बाओ हा हजार वर्षांपूर्वीचा अधिकारी लाचखाऊंचा कर्दनकाळ होता. म्हणून दर उन्हाळ्यात कचेरीची सहल त्याच्याकडे प्रामाणिकपणा शिकायला येई आणि जेवून परत जाई. हात बरबटलेल्याने या विहिरीचे पाणी प्यायले तर त्याचे डोके दुखते, अशी ख्याती. एरवी सगळे हसत ओठ ओले करत. यंदा भांडारातून पितळी नळांची पेटी चोरीला गेली होती आणि भांडाराची किल्ली शाओ देगुईकडे होती.

इतक्या वर्षांत शाओने एक वॉशरसुद्धा घरी नेला नव्हता. त्याच्या घरचा नळ गळे.

“घ्या शाओकाका, चांगला वाडगाभर घ्या,” हिशेबातली मियाओबाई म्हणाली. “मनात काही नसेल तर भीती कसली?”

बाकीच्यांनी चिमणीएवढे घोट घेतले. शाओने वाडगा एका दमात संपवला. पोटात सकाळपासून काही नव्हते, ऊन मी म्हणत होते आणि पाणी बर्फ. फाटकाशी येईपर्यंत त्याच्या कपाळात घण पडू लागले.

“कपाळाला हात का लावलात, काका?” मियाओबाईने विचारले.

“घाम पुसला.”

“उजवीकडेच आला?”

“डावीकडे सावली होती.”

बसमध्ये ऊन थेट तोंडावर येत होते. पडदा ओढला तर संशय येईल म्हणून शाओ तसाच बसला. मियाओबाई पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसली होती. उतरताना यानसाहेब आपुलकीने म्हणाले, “किल्ली उद्यापासून माझ्याकडे दे. तुलाही आराम.”

घरी बायकोने विचारले, “म्हाताऱ्या, तोंड असं का झालंय?”

“डोकं दुखतंय.”

ती थबकली. “विहिरीचं पाणी प्यायलास?”

“वाडगाभर.”

तिने पडदे लावले, ओला टॉवेल त्याच्या कपाळावर ठेवला. “पड जरा,” म्हणाली.

थोड्या वेळाने पलंगाखालची जुन्या कपड्यांची पेटी हळूच ओढल्याचा आवाज आला; ती पितळी नळ शोधत होती. पलंग मधोमध खचलेला, त्यामुळे पेटी अडकली. शाओने डोळे न उघडता कूस बदलली आणि ती बाजू हलकी केली.