लिव्हर धरायला कुणीतरी हवं

मित्रांनो, मी एके काळी टेकडीवरून धावणारी एक जुनी सायकल आहे. दिवाळे गावात खाडीकाठी एका घराच्या पडवीत, जाळ्यांच्या ढिगाला टेकून उभी असते. माझा निळा रंग खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्ला. पण मला रंगाची गोष्ट सांगायची नाही, ब्रेकची सांगायची आहे.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवते ती रंजिता. नोकरी लागल्यावर तिने मला घरी आणले. दर रविवारी आम्ही पारसिकच्या टेकडीवर जायचो. माझ्या ब्रेकचे तिथे केवढे कौतुक व्हायचे! माझ्या ब्रेकला तार नाही, तेल आहे. लिव्हर दाबली की नळीतले तेल पुढे रेटा देते आणि चाक जागच्या जागी थांबते. मात्र त्या तेलात हवा शिरली, की हाताचा सगळा जोर ती हवाच गिळून बसते.

ती हवा काढणे हे दोघांचे काम. रंजिताचे बाबा, वामन, होड्यांची इंजिने दुरुस्त करायचे. ते पाना घेऊन चाकाजवळ बसत आणि रंजिता लिव्हर धरी.

"दाब गो... धर... आता सोड."

चाकाजवळच्या निपलला, म्हणजे बारीक तोटीला, लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे निघाले की बापलेक हसत. मला तर माझेच लाड चालल्यासारखे वाटे.

बाबांची एक रीत होती. दुरुस्त केलेली होडी ते लगेच मालकाच्या हाती देत नसत. आधी स्वतः खाडीत फिरवून आणत. "बिघाड रायला आसंल, तर तो आपल्या वाट्याला येऊ दे," म्हणायचे.

मागच्या वर्षी एका शनिवारी माझी मागच्या ब्रेकची लिव्हर मऊ पडली. मला बोलता येत नाही, मऊ पडणे हीच माझी तक्रार. बाबांना ती कळली. त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "रंजे, दोन मिनटं लिव्हर धर गो."

"बाबा, ऑफिसचा कॉल चालू आहे. उद्या करू ना!"

मग ते परसात गेले. तिथे काशी, म्हणजे रंजिताची आई, मासळी साफ करत होती. "माजं हात मासलीचं हायत," ती म्हणाली, "उगा तुमचं बिरेक बिघडंल."

दोघीही खोटे बोलत नव्हत्या. पण एकीला मारलेली हाक दुसरीला ऐकू गेली नाही.

बाबा पडले हट्टी. त्यांनी एकट्यानेच लिव्हरवरचे झाकण उघडून तेल भरले. चारदा दाबल्यावर लिव्हर घट्ट लागली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! तेल वरून भरले म्हणून आतली हवा थोडीच जाते? "पोरीच्या आधी मी बघून येतो," म्हणत ते मला टेकडीवर घेऊन गेले. डोक्यावर हेल्मेटही नव्हते. उतारावर मागची लिव्हर पार मुठीला टेकली. त्यांनी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि मी त्यांना पुढे फेकून दिले. होय मित्रांनो, मीच. ते घरी परत आलेच नाहीत.

लोक म्हणाले, रस्त्यावर रेती होती. रंजिता कामावर जाताना माझी लिव्हर एकदा दाबून बघे आणि तोंड फिरवी. काशी ती लिव्हर पदराने पुसायची, पण बोट लागू द्यायची नाही. बाबांच्या मरणाला आपणच कारण, असे प्रत्येकीला वाटत होते. मला दोघींचेही ठाऊक होते. पण सांगू कशी? वर्षभर मी तो दगड उरावर घेऊन उभी होते.

गेल्या रविवारी काशी म्हणाली, "दे ती भंगारवाल्याला."

"अशी नाही द्यायची. आधी हवा काढते," रंजिता म्हणाली आणि बाबांच्या जागी पाना घेऊन बसली. तिथून लिव्हरपर्यंत तिचा हात पुरेना. मग काशी उठली, साबणाने दोनदा हात धुऊन आली आणि तिने लिव्हर धरली.

"दाब, आई... धर."

नळीत तेल सरकले. त्यातून चार-पाच बुडबुडे वर आले, मोहरीएवढे.

"एवढंच व्हतं?" काशीने विचारले.

रंजिताने पाना फिरवून निपल बंद केला आणि तिला रडू फुटले. "आई, बाबांनी मला हाक मारली होती. मी उठलेच नाही."

"मना पन मारली व्हती, बाय," काशी म्हणाली. "मी म्हनलं, हात मासलीचं हायत."

"सोड आता, आई."

पण काशीने लिव्हर सोडली नाही. तेव्हा रंजिताने उठून आईच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघी माझ्यावर वाकून पोटभर रडल्या.

मला भंगारात कोणी दिले नाही. माझी लिव्हर आता घट्ट आहे, पण टेकडीवर मला कोणी नेत नाही. मित्रांनो, ब्रेक मऊ पडला तर नुसते तेल भरून भागवू नका, आतली हवा काढा. आणि घरातल्या कुणी हात मागितला, तर फोन ठेवा, मासळीचे हात धुवा, पण उठा. बाबांनी दोनच मिनिटे मागितली होती.