सिमेंटखालची फुलं

"हळू मामू, छन्नी हळू!" शिवांगी खालून ओरडली.

"मॅडम, चाळीस वर्षं झाले, छन्नीच धरून राहिलो ना मी," परांचीवरून महेबूब मिस्त्री हसला.

आज त्याचा रुबाब काही औरच होता. कंधारजवळच्या या बागेतली बारादरी निजामाच्या काळातली. चारी बाजूंना तीन-तीन कमानी, आणि प्रत्येक कमानीच्या माथ्यावर चुन्यातली कमळं नि वेली. ती सगळी झिजली तेव्हा महेबूबच्या वडलांनी चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवून पुन्हा घडवली होती. पंचवीस वर्षांपूर्वी त्या फुलांना तडे गेले नि दुरुस्तीचं काम महेबूबकडे आलं. तेव्हा चुन्याला विचारतो कोण! त्यानं फुलांवर चांगला इंचभर सिमेंटचा थर दिला. आत ती सुखरूप राहतील, असं बिचाऱ्याला मनापासून वाटलं होतं. आता जुन्या वास्तू जपणारी शिवांगी लातूरहून आली होती, आणि फुलं पुन्हा उजेडात येणार होती.

सिमेंटचा पहिला तुकडा सुटला, आणि मागून पांढरा दमट भुगा भसाभसा खाली आला. महेबूबनं हात घातला. फूल नाही, पान नाही; नुसता ओलसर चुना. दुसरी कमान फोडली, तिसरी फोडली. सहावीपाशी त्यानं छन्नी ठेवली आणि तो परांचीवरच बसला.

"असं कसं हो मॅडम? झाकेल होते की!"

"झाकली म्हणूनच गेली. सिमेंटमुळे ओल आत कोंडली, चुन्याचा आतल्या आत भुगा झाला." शिवांगी संतापली होती. "कोणत्या गाढवानं लिंपलं हे? अहवालात नावच टाकते त्याचं."

 महेबूबचे तेव्हाचे सोबती कुणीच उरले नव्हते. तो गप्प बसला असता, तर कुणाला कळलंही नसतं.

"म्याच लिंपलं," तो म्हणाला. "लिहा."

शिवांगी चपापली. "राहू द्या मामू."

"न्हाई, लिहा. महेबूब, कंधार."

तिनं नाइलाजानं पेन उघडलं. सवयीनं विचारून गेली, "वडलांचं नाव?"

"त्यांचं नका जोडू. त्यांचं काम लई चांगलं होतं."

तळहाताला लागलेला चुना त्यानं झटकला नाही. मूठ मिटून तो सावकाश खाली उतरला.