विचार करून सांगतो

ताईचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होतो. "माझी मागची खोली रिकामीच आहे," ती म्हणाली. "तू तिकडे एकटा, मी इकडे एकटी. सामान उचल आणि ये राहायला. महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर मी कुणी भाडेकरू बघते. पडले-झडले तर घरात माणूस हवं रे."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. शहाणा माणूस तिथल्या तिथे हो म्हणाला असता. पण घोंगडं भिजत ठेवण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय.

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. तीस वर्षं लोकांना सांगतोय, आधी झाकण बंद करा, मग बटण दाबा. माझे स्वतःचे विचार मात्र चार वह्या, फोन, पाकिटांच्या पाठी आणि दोन जुन्या ॲपमध्ये सांडलेले. एवढा मोठा निर्णय असल्या पसाऱ्यात कसा घ्यायचा? म्हणून ठरवलं, आधी टिपणं ठेवायला एक चांगलं सॉफ्टवेअर निवडायचं, सगळं त्यात आणायचं आणि मग ताईकडे जायचं की नाही याचा विचार करायचा. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच.

पहिलं सॉफ्टवेअर देखणं होतं, पण इंटरनेट गेलं की मुकं. दुसऱ्यात फोल्डरच्या पोटात फोल्डर. ठेवलेलं टिपण सापडावं म्हणून आणखी एक टिपण लिहावं लागे. तिसऱ्याने सुरुवातीलाच विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कोण वापरणार? मी 'कोणी नाही' निवडलं. तरी रोज सकाळी कोपऱ्यात 'कुणाला तरी बोलवा' हे असायचंच. चार दिवसांत मी ते काढून टाकलं. रागाने नव्हे, लाज वाटली म्हणून.

आमच्या ऑफिसात एक मुद्रितशोधक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "कागदावर दोन रकाने पाडा आणि मोकळे व्हा की."

"कागदात शोधता येत नाही, बाई."

"पण शोधायचंय काय तुम्हाला?"

मी चहा आणायला गेलो.

चौथं मनाला पटलं. त्यात एक टिपण दुसऱ्याला जोडता येई, आणि मग सगळ्यांचा एक नकाशा दिसे, ठिपके आणि त्यांच्यातल्या रेघा. दोन आठवडे घरी आलो की मी जुन्या वह्या त्यात उतरवत बसायचो. एका शनिवारी नकाशा उघडला आणि बघतच राहिलो. जेवढ्या रेघा होत्या त्या एकाच ठिपक्याकडे चालल्या होत्या. कुठलं औषध मला चालत नाही, ताईला माहीत. आईचं ऑपरेशन कुठल्या साली झालं, ताईला विचारणे. काळा कोट कुणाकडे शिवला, ताई. बाकीचे चारशे ठिपके नुसते इकडेतिकडे पडलेले. मला एकदम रडू आलं. विचार संपला होता. जायचं.

तेव्हाच फोन उचलायचा की नाही? पण शनिवारी ताई वाचनालयात असते, आणि माझं घोडं कुठेतरी पेंड खाणारच. मी रीतसर काम लिहिलं: 'ताईला होकार कळवणे. रविवार, सकाळी दहा.' त्याला आठवण लावली. मग झालेलं काम कसं दिसतं ते बघावं म्हणून शेजारच्या चौकोनात खूण केली. ओळ छान फिकी झाली आणि यादीतून निघून गेली. वा, म्हटलं, हेच घ्यायचं. खूण पुसायची राहून गेली.

झालेल्या कामाची आठवण कुठलंच सॉफ्टवेअर करून देत नाही. रविवारचे दहा वाजून गेले, मी चौथ्या वहीत गढलेलो. यादी कोरी होती, म्हणजे सगळं झालेलं होतं. पुढचे काही दिवस फार मजेत गेले. मागच्या खोलीत पलंग कुठे, टेबल कुठे, सगळं लिहून काढलं. टेबल खिडकीशी बसेल का, एवढंच अडलं. एक तारखेला संध्याकाळी ताईला फोन लावला.

"मागच्या खोलीतल्या खिडकीची रुंदी किती गं?"

"चार फूट. का रे? आता तिथे नर्सबाई राहते. आज सकाळीच आली. चांगली आहे." मी पलंग-टेबलाचं टिपण बंद केलं. "तुझा फोन नाही आला, तेव्हा म्हटलं नको असेल. भिडस्त तू, तोंडावर नाही म्हणायचा नाहीस." मग तिचा आवाज बारीक झाला. "ठोंब्या, तू येणार होतास की काय?"

"छे गं. माझ्याकडे पडद्याचं कापड उरलंय. म्हटलं, तुझ्या खिडकीला होईल."

"हुश्श. जन्मभर चुटपुट लागली असती मला. पाठव मग."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटल्यावर कापडाच्या दुकानात गेलो. चार फुटांची खिडकी आहे म्हणून सांगितलं. दुकानदाराने निळा तागा उलगडला, मग पिवळा.

"खोली तुमचीच का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "बहिणीच्या भाडेकरूची."