माहूरला जायला तयार एकेचाळीस जण

गीतांजलीची बदली उदगीरहून माहूरला झाली. पण हे आपण अजून ऐकलेलं नाही. सध्या ती उदगीरलाच आहे, सातवीला अपूर्णांक शिकवते आहे, आणि तिचा नवरा अंगद त्याच शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात संगणकापुढे निवांत बसला आहे. लग्नानंतर तीन वर्षं ती मुखेडच्या शाखेत होती आणि हा इथं. संसार फक्त रविवारचा. आता कुठं दोघांची भांडी एका मांडणीवर आली होती.

संस्थेचा सगळा कारभार अंगदनं लिहिलेल्या प्रोग्रामवर चाले. प्रोग्राम 'पंगत' नावाच्या भाषेत होता. ही भाषा लातूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी मराठीतून बनवलेली. तिच्यात काही सुविधा प्रायोगिक होत्या, म्हणजे मुळात बंद असलेल्या. हवी असेल तर प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ लिहून चालू करायची, काम झालं की ओळ खोडायची. पुढं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'परिणामांना आम्ही जबाबदार नाही.' अंगदला हा प्रामाणिकपणा आवडला होता.

झालं असं, की दिवाळीनंतरच्या स्नेहमेळाव्याआधी सगळ्यांना मोबाइलवर विचारलं होतं, 'जेवणार का?' एकेचाळीस जणांचं उत्तर आलं, 'नको.' स्वयंपाक झाला नाही. मेळाव्याला एकेचाळीसही जण ताटापुरती जागा धरून बसले आणि अध्यक्ष शेषेराव साहेबांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्ली. प्रत्येकाला साधारण चवीचा अंदाज आला.

"अंगदराव," साहेब म्हणाले, "आपल्या माणसाचा पयला नको म्हंजी नको नसतोय. तुमच्या मशीनला एवढं बी कळंना व्हय?"

पंगतमध्ये त्यावरही प्रायोगिक सुविधा होती. तिचं नाव 'आग्रह'. एक नको म्हणजे हो. दोन नको म्हणजे मनापासून हो. तिसरा नको आला तरच नाही. अंगदनं ती चालू केली. पुढच्या मेळाव्याला जेवण पुरलं, उरलंही.

मग तो ओळ खोडायची विसरला.

मार्चमध्ये त्याच प्रोग्राममधून प्रश्न गेला, 'माहूरच्या शाळेत जायला तयार आहात का?' जागा एकच होती. एकेचाळीस जणांनी 'नको' दाबलं. गीतांजलीचा मोबाइल जरा मंद, म्हणून तिनं दोनदा दाबलं. यादी तयार झाली आणि अंगदच्या आधी साहेबांच्या मोबाइलवर पोचली. माहूरला जायला तयार, एकेचाळीस. त्यांत सर्वांत आतुर, गीतांजली अंगद.

साहेबांनी यादी दोनदा वाचली. "धा वर्षांत त्या जागेला एक माणूस मिळाला न्हाई. आन् आज समदेच निघाले!" त्यांनी बदलीच्या कागदावर सही केली. हजर व्हायचा दिवस सोमवार.

अंगदनं आधी आग्रह बंद करायला घेतला. पडद्यावर आलं, 'एवढ्यात?' त्यानं पुन्हा बंद केला. 'थोडं राहू द्या की.' तिसऱ्यांदा केला. आग्रह मुकाट्यानं बंद झाला. मशीन समजूतदार होतं. नवी यादी काढली तर माहूरला जायला कुणीच तयार नाही. ती घेऊन तो साहेबांकडं गेला.

"साहेब, चूक माझी हाय. तिला जायचं न्हाई."

"पयल्यांदा असंच म्हणतेत."

"खरंच न्हाई, साहेब."

"बगा, किती लाजून राहिले."

ही अंगदची तिसऱ्या नकोची पाळी. नियमानं आता सुटका होती. "साहेब, न्हाई म्हंजी न्हाई."

साहेबांनी खुर्चीतून उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अंगदराव, बायकोसाठी एवढं लाजणारा माणूस म्या पायला न्हाई. जाऊ द्या तिला. तुमच्यामुळं अडून राहिली म्हणंल उद्या."

घरी गीतांजली दोन भांडी मांडणीवर ठेवत होती, दोन पिशवीत.

"काय म्हणले साहेब?"

"तुझं अभिनंदन केलंय."

"मशीनमधी बंद करता आलं ना तुम्हाला? मग?"

"मशीनला बटन हाय. साहेबांना न्हाई."

"मग सरकारात अर्ज करा," ती म्हणाली. "अर्ज तरी नीट येतोय तुम्हाला."

अंगद बसला आणि त्यानं तो खरोखर नीट लिहिला.

'प्रति, सक्षम अधिकारी. विषय : माहूर येथील शाळा उदगीर येथे आणण्याबाबत. महोदय, अर्जदाराची पत्नी सदर शाळेत सोमवारी हजर होणार असून अर्जदार उदगीर येथे राहतो. दोन्ही गावांतील अंतर अर्जदाराच्या संसारास परवडणारे नाही. सबब, देवीचे मंदिर आहे तेथेच ठेवून फक्त शाळा व तिच्या खालचा आवश्यक तेवढा डोंगर उदगीर रेल्वे स्थानकाच्या मागील मोकळ्या जागेत रविवार सायंकाळपर्यंत हलविण्यात यावा, ही नम्र विनंती. डोंगर उतरवून घेण्यास अर्जदार स्वतः हजर राहील.'