दीड मिनिटाचा वारा

विमान हवेत थांबतं, हे इब्रामपुरात कुणालाच पटत नाही. मी चौदा वर्षं ते थांबवून दाखवलं, पण समुद्रावर, आणि समुद्रावर आमच्या गावचं कुणी बघायला आलं नव्हतं.

मी कृष्णनाथ. नौदलातला निवृत्त कमांडर. दाबोळीच्या तळावरून सी हॅरियर उडवायचो. ती विमानं आता सेवेतून गेली, मीही गेलो, दोघांचेही सुटे भाग मिळेनासे झाले होते. या विमानाच्या इंजिनाची हवा चार तोंडांनी बाहेर पडायची. थ्रॉटलच्या शेजारी एक दांडी असायची, ती मागे ओढली की चारही तोंडं खाली वळायची आणि ताशी हजार किलोमीटरने चाललेलं यंत्र हवेत उभं राहायचं. आणखी ओढली तर मागे जायचं. उभ्या उभ्या नाक खाली करून समोरच्याला नमस्कारही करायचं. ती दांडी माझ्या डाव्या हातातून अजून सुटलेली नाही. जेवताना हात आपोआप मागे जातो आणि ताकाचं भांडं लवंडतं. माझी बायको नंदा म्हणते, विमान रिटायर झालं, हात कधी होणार ते विचारून घ्या.

तर हे सगळं मी देवळाच्या मंडपात बसून अनेकदा सांगितलं आणि गावाने मला ‘रिव्हर्स कमांडर’ हे नाव दिलं. पाव विकणारा पोदेर सकाळी उंडे घेऊन येतो, तोसुद्धा माझ्या दारात सायकल थांबवून दोन पावलं मागे घेतो आणि हसतो. मला राग येतो. देशाने ज्या माणसाच्या हाती एवढं महागडं यंत्र दिलं, त्याच्यावर दोन उंड्यांच्या गिऱ्हाइकीतला माणूस हसतो म्हणजे काय?

सगळ्यात जास्त हसतो तो नारायण. शाळेत आम्ही एका बाकावर. तो म्हणतो, विमान म्हणजे काय जीप आहे का, रिव्हर्स घालायला? आणि त्यालाच उत्तर देण्याची मला सोय नाही. कारण माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो पुरावा म्हणजे स्वतः नारायण.

तेहेतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आई यशोदा गावभर सांगायची की आपला मुलगा होडीवर आहे. नौदल म्हणजे होडी, हे तिचं पक्कं. मी विमानातला फोटो पाठवला तर म्हणाली, होडीचं छप्पर चांगलं आहे. शेवटी एप्रिलच्या एका भर दुपारी, सरावाचं उड्डाण संपत आलेलं असताना, माझी बुद्धी फिरली. तेरेखोलच्या किल्ल्यावरून आत वळलो, पेडणं मागे टाकलं आणि आमच्या घरावर येऊन दांडी मागे ओढली. दीड मिनिट उभा राहिलो. त्याहून जास्त उभं राहण्याची सोयच नव्हती, इंजिन तापायचं. आईच्या अंगणाला विमानाचं नाक वाकवून नमस्कार केला आणि परत आलो. आई पेडण्याच्या बाजारात गेली होती.

खाली काय झालं ते मला पुढच्या सुट्टीत कळलं. गाव जेवून आडवं झालेलं. आभाळ स्वच्छ, पान हलत नव्हतं. एकदम कानठळ्या बसवणारी गर्जना झाली आणि लाल धुळीचा असा लोट उठला की माणसाला स्वतःचा हात दिसेना. आमच्या घराची कौलं गेली. शेजारच्या सुशीलाकाकीने अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं व्हाळात, म्हणजे ओढ्यात गेली, आणि तिचा कोंबडा तिसऱ्या दिवशी शेजारच्या हणखण्याला सापडला. धूळ बसली तेव्हा आभाळात काही नव्हतं. आईने मला पत्र धाडलं की इथे वाऱ्याने छप्पर नेलं आणि तू तिकडे होडीत बसून काय करतोस.

आमच्या घरासमोर, वेशीवरच्या सातवणाच्या झाडाखाली तेव्हा नारायण पडलेला होता. डिचोलीच्या खाणीवर ट्रकचा क्लीनर होता, दारूपायी काम गेलं होतं, घरात कुणी ताट वाढायला तयार नव्हतं. तो तसाच धुळीने माखलेला देवळात आला आणि म्हणाला, राखणदार येऊन उभा राहिला होता. आपल्या वेशीचा राखणदार. त्याचा मान आपण विसरलो. लोक थरथर कापत होते, आणि नारायण तेवढा ताठ उभा होता. त्या वर्षापासून एप्रिलमध्ये सातवणाखाली राखणदाराला रोट, विडी, कोंबडा आणि थोडा सोरो द्यायचं ठरलं, आणि गाऱ्हाणं घालायला नारायण. त्याने दारू सोडली, कारण सोरो आता राखणदाराचा. त्याचं लग्न झालं. मुलं शिकली. आज गावात कुणाची म्हैस आजारी पडली तरी आधी नारायणला हाक जाते.

मी तेव्हा गप्प बसलो ते कोर्ट मार्शलच्या भीतीने. ती भीती पेन्शनबरोबर संपली, पण तोवर नारायण उभा राहिला होता आणि त्याच्या पायाखाली माझाच वारा होता. नंदाला तेवढं सांगितलं. ती कारापूरची, तोलूनमापून बोलणारी. म्हणाली, खरं सांगून तुम्हांला काय मिळेल, आणि त्याचं काय जाईल, ते बघा. मी बघितलं आणि तोंड मिटलं.

यंदा राखणदाराच्या कार्याच्या आठ दिवस आधी मंडपात बैठक बसली. कोंबडा कुणाचा, रोट कुणाकडे, हे चाललं होतं. नारायणने जाता जाता मला विचारलं की कमांडर सरळ चालत येणार की रिव्हर्समध्ये. सगळे हसले. सुशीलाकाकीची सून प्राजक्ता डिचोलीला कॉलेजात शिकवते, तिला ते लागलं. गुणी मुलगी. तिने मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि सगळ्यांसमोर धरला.

हॅरियर! पडद्यावर ते आलं, थांबलं, मागे सरकलं आणि समोरच्या गर्दीला वाकून नमस्कार केला. मला इतका आनंद झाला की डावा हात मागे गेला आणि शेजारच्याच्या पोटात बसला. तेहेतीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते घडलं होतं. गाव माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहत होतं.

प्राजक्ताने आवाज वाढवला. सुशीलाकाकी ऐंशीची, डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. ती भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली.

“ह्योच आवाज,” ती म्हणाली. “ह्याच आवाजान माझी सोलां व्हाळात गेल्ली.”

माना एकेक करून वळल्या, आधी माझ्याकडे, मग नारायणकडे. नारायणच्या हातात कामांची यादी होती. तो ती वाचत होता, पण कागद उलटा धरला होता.

“कृष्णनाथा,” काकीने विचारलं, “तां तूं हुतंस?”

हो म्हटलं असतं तर मी खरा ठरलो असतो आणि पोदेराची सायकल सरळ गेली असती. पण नारायण? साठी उलटल्यावर तो पुन्हा सातवणाखालचा दारुडा झाला असता.

मी उभा राहिलो आणि म्हणालो की असलं विमान नसतंच.

प्राजक्ताचं तोंड उघडंच राहिलं. मी म्हणालो, ही कॉम्प्युटरची करामत आहे. विमान थांबलं की पडतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आणि मागे जाणारं विमान कोण कशाला बनवेल? पायलटला मागचं दिसतं का? आरसा कुठे आहे? कुणीतरी म्हणालं, पण तुम्हीच तर इतकी वर्षं सांगत होता. मी म्हणालो, थापा मारत होतो. नौदलात सगळेच मारतात. बरं, हे नमस्कार करतंय ते तर क्रेनला टांगलेलं आहे, नीट बघा, दोरी दिसेल. दोघांतिघांना दोरी दिसलीसुद्धा.

हशा उसळला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर यंत्र, आणि मी त्याला भर मंडपात क्रेनला टांगलं. फार वाईट वाटलं. घरी नंदाने काही न विचारता माझ्या ताटात तळलेले बांगडे दोन जास्त वाढले.

आठ दिवसांनी सगळे सातवणाखाली जमलो. ऊन रणरणत होतं, पलीकडे चुलीवर मोठा टोप चढला होता आणि पब्लिकचं अर्धं लक्ष तिकडेच. नारायणने पानावर रोट ठेवला, सोरो ओतला, विडी पेटवून दगडावर ठेवली आणि हात जोडले. एरवी गाऱ्हाण्यात पाऊसपाणी, गुरंढोरं, पोराबाळांचं शिक्षण एवढंच येतं. तेही आलं. पण मग तो थांबला आणि आवाज जरा खाली आणला.

“बा राखणदारा म्हाराजा, तेहेतीस वर्सांआदी आमचो एक झील चुकान तुझ्या माथ्यार येवन उभो रवलो.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“तोंडावयली काच वर करून खाली बघी हुतो. हात हालयत आवशीक सोदी हुतो. आवस बाजारात गेल्ली.”

“व्हय म्हाराजा.”

मी हेल्मेटची काच वर केली होती, आईला शोधत हात हलवला होता, हे मी नंदालाही कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. ते दिसलं असेल तर धूळ उठण्याआधी, सातवणाखाली आडव्या पडलेल्या माणसालाच. नारायणचे डोळे मिटलेले होते.

“त्येच्या त्या वाऱ्यान मी उभो रवलंय, म्हाराजा. आता त्येका पदरात घे. त्येका धड खोटा बोलाकसुद्धा येयना.”

“व्हय म्हाराजा,” गाव सवयीने म्हणालं आणि टोपाकडे वळलं. मी ते मागाहून, एकट्याने म्हटलं.