बांधावरची उन्हाळी

मी उन्हाळी बोलतेय. ऋतू नव्हे, गुडघ्याएवढं रानटी झुडूप. वाल-मुगाच्या गोतातली, पण गरीब नातेवाईक. मला कुणी पेरत नाही, माझी जांभळी फुलं कुणी माळत नाही. मारवाडच्या वाळूतही माझे भाऊबंद आहेत म्हणे. वाळू, मुरूम, खडक, काहीही द्या, मी भागवून घेते. उलट माझ्या मुळांच्या गाठींनी त्या मातीलाच चार घास मिळतात.

स्वराज्य आलं त्या पावसाळ्यात मी रेवदंड्याच्या खाडीकाठी, खारं पाणी अडवणाऱ्या बांधावर रुजले. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराने राखायचा, ही गावाची रीत. आमचा तुकडा म्हाताऱ्या बाळाजीचा. तो सुनेला, राहीला सांगे, "हिला हात लावू नको. हिच्या मुळांवर बांध उभा हाय." मला कोण अभिमान वाटायचा.

म्हातारा गेला. पुढच्या चैत्रात राबाला पाला मिळेना. भाताची रोपं टाकायची जमीन आधी पाला पसरून भाजावी लागते, आणि डोंगरावरची झाडं ठेकेदाराने तोडून नेलेली. बाळाजीचा मुलगा अंबाजी बांधावर आला आणि आम्हाला मुळासकट उपटू लागला.

"मामंजी नको सांगायचे," राही म्हणाली.

"एका वर्साचा परश्न हाय. पुन्हा उगवंल."

देवाच्या शेंदरी दगडाला चिकटून होते, म्हणून तेवढी मी वाचले. बहिणींचा धूर मी इथूनच पाहिला.

नारळी पुनवेच्या उधाणाला बांध नेमका आम्हाला उपटलं तिथेच फुटला. अंबाजीचं शेत गेलं, शेजारच्या भिकूचं आणि चंद्राबाईचंही गेलं. गुडघाभर भात उभ्या उभ्या पिवळं पडलं.

खिंडार बुजवायला चला म्हणत राही घरोघर हिंडली. भिकू म्हणाला, "ज्यानं उपटली त्यानं बांधावा." कुणी घमेलं उचललं नाही. अंबाजी तोंड लपवून मिठागरावर मजुरीला गेला, तो सणालाही येत नाही. ज्या मिठाने शेत खाल्लं, तेच तो आता उन्हात ओढतो.

दर वर्षी माझ्या शेंगा वाळल्या की राही येते, पदरात बी घेते आणि शेतात फेकते. उगवत काहीच नाही. राही, मी वाळूत जगते, खडकात जगते. मिठात नाही गं जगत. पाऊस ते धुवायला तयार आहे, पण भरती रोज नवं आणून टाकते.

भिकूदादा, चंद्राबाई, तुमचा राग मला कळतो. पण एवढं खिंडार एकट्या बाईने बुजत नाही. तुम्ही माती टाका, ती धरून ठेवायचं माझ्याकडे लागलं. फक्त लवकर या. माझं खोड पोकळ झालंय, यंदा शेंगा मोजक्याच धरल्यात. राही समोर पदर पसरून बसली आहे, आणि तिच्या पदरात टाकायला माझ्याकडे एवढंच उरलंय.