उलटून पाहिलेली पाणसळ

मी एक जुनी पाणसळ आहे. मित्रांनो, फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हातात लाकडाची एक लांब पट्टी तुम्ही कधीतरी पाहिली असेल. तिच्या मधोमध काचेची छोटी नळी असते आणि नळीत एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये थांबला की जमीन सपाट, बाजूला सरकला की ती बाजू उंच. माझं सगळं शहाणपण एवढंच, पण तेवढ्या जोरावर मी आयुष्यभर ताठ मानेनं जगले.

माझं अंग बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं आणि टोकं पितळेची. ग्रीसमधल्या व्होलोस बंदरातल्या बारबा-आपोस्तोलिस, म्हणजे आपोस्तोलिसकाका, या मिस्त्रीनं मला नवीकोरी घेतली, आणि मरताना जावयाच्या, स्तेर्ग्योसच्या हाती दिली. "हिच्यावर विश्वास ठेव, कधी तोंडघशी पडणार नाहीस," एवढंच तो म्हणाला. स्तेर्ग्योसनं ते शब्द काळजावर कोरून घेतले. तो मला तेल लावायचा, मऊ फडक्यात गुंडाळायचा, आणि दिसेल त्या टेबलावर ठेवून पाहायचा. त्याची बायको मोर्फूला सगळ्यांना सांगायची, "मला मागणी घालायला आला तेव्हा यानं बाबांचीच पाणसळ घेऊन आधी आईचं जेवणाचं टेबल मापलं. मग माझ्याकडे बघितलं."

एकदा मी जिन्यावरून खाली पडले. काच शाबूत राहिली, पितळेला पोचा आला, त्यानं मला पुसलं आणि आम्ही कामाला लागलो. पुढे आम्ही फरशी बसवलेल्या एका खानावळीच्या न्हाणीघरात पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे यायला लागलं. स्तेर्ग्योस प्लंबरवरच उखडला. "फरशी चुकणार नाही. पाणसळ माझ्या सासऱ्यांची आहे," तो म्हणाला. मलाही त्या प्लंबरचा फार राग आला होता.

मग एके दिवशी स्तेर्ग्योसनं ठेकेदाराची नोकरी सोडली. स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं होतं, मासळी बाजाराच्या नव्या फरशीचं. तिथे दिवसभर पाणी ओततात आणि ते सगळं नालीत गेलंच पाहिजे. काम सुरू करण्याआधी सरकारदरबारी नाव नोंदवायला हवं होतं, आणि त्यासाठी हिशेबनीस. आमच्याकडे मिस्त्रीला हिशेबनीस नसेल तर त्याच्याकडे थापी नसल्यासारखंच असतं. शेजारच्या रंगाऱ्याच्या हिशेबनिसानं कागद भरलेच नव्हते आणि त्यात सरकारनं रंगाऱ्याची व्हॅन जप्त केली होती. त्या धास्तीनं स्तेर्ग्योसला झोप येईनाशी झाली होती.

"त्यात विचार कसला करायचा?" मोर्फूला म्हणाली. "अकिलेआस आहे की."

अकिलेआस म्हणजे त्यांचा कुम्बारोस. लग्नात दोघांच्या डोक्यांवर मुकुट त्यानंच ठेवले, मुलीचा धर्मपिताही तोच. त्याचं हिशेबनिसाचं ऑफिस समुद्राकाठी होतं, टेबल संगमरवराचं. स्तेर्ग्योसनं सवयीनं मला त्यावर ठेवलं आणि माझा बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला. इतकं सपाट टेबल पाहून मी हरखूनच गेले. अकिलेआसचं पेन तेवढं घरंगळत कडेला गेलं, ते त्यानं न बघताच झेललं. माझं काही तिकडे लक्ष गेलं नाही.

"कुम्बारे, तू इथे सही कर आणि घरी जाऊन निवांत झोप," अकिलेआस म्हणाला. "बाकीचं माझ्यावर सोड."

"पण तू नेमकं करणार काय?"

"तुला समजून काय करायचंय? मी कधी तुला विचारलं, सिमेंटमध्ये वाळू किती घालतोस?"

दोघं हसले. पण स्तेर्ग्योसनं सही उद्यावर ढकलली. रंगाऱ्याची व्हॅन त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्या रंगाऱ्यानंच, हात पोळल्यावर, एक नाव सांगितलं होतं: कीरिया उरानिया, म्हणजे उरानियाबाई, चर्चच्या मागे, भाजीवाल्याच्या वरच्या माळ्यावर.

ती साठी उलटलेली बाई. टेबल साधं, पाइनच्या फळ्यांचं, त्यावर एक लिंबू. स्तेर्ग्योसनं मला ठेवलं आणि माझा बुडबुडा सरळ उजवीकडे पळाला. मला आतून बरंच वाटलं. म्हटलं, चला, निकाल लागला. स्तेर्ग्योसही उठायला लागला.

"बसा हो मिस्त्री," ती म्हणाली. "एकाच ठेकेदाराचं काम करणार, की मिळेल त्याचं?"

"मिळेल त्याचं."

"अवजारं तुमची? माल कोण आणणार? काम अर्धवट राहिलं आणि गिऱ्हाईक फिरलं, तर लेखी काय आहे?"

तिचे प्रश्न संपेनात. मधूनच ती म्हणायची, "हे मी करीन, हे तुम्ही करायचं. मी काय केलं ते दर वेळी तुम्हाला समजावून सांगणार. नाही समजलं तर पुन्हा विचारा. तरीही नाही समजलं, तर दुसरा हिशेबनीस बघा." मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "आणि ही काय म्हणतेय?"

स्तेर्ग्योस ओशाळला. "तुमचं टेबल कलतंय, कीरिया."

"असेल. पण लिंबू तर जागचं हललेलं नाही. हिला जरा फिरवून ठेवा बघू. डावं टोक उजवीकडे."

"ही माझ्या सासऱ्यांची आहे."

"असू द्या. मी प्रत्येक बेरीज वरून खाली करते, मग खालून वर करते. मला शिकवलं त्या माझ्या वडिलांच्या बेरजासुद्धा. त्यांना कधी राग नाही आला."

स्तेर्ग्योसनं मला उचललं. सासरा गेल्यापासून त्यानं मला असं कधी फिरवून पाहिलं नव्हतं. नवशिक्या मिस्त्रीलाही ही परीक्षा ठाऊक असते, पण थोरल्यांनी दिलेली वस्तू कोण तपासतं? त्यानं मला फिरवलं. माझा बुडबुडा आता डावीकडे पळाला.

टेबल खरंच कलतं असतं, तर बुडबुडा पुन्हा उजवीकडेच गेला असता. टेबल तेच होतं आणि बुडबुड्यानं बाजू बदलली होती. चूक माझ्यात होती, जिन्यावरून पडले तेव्हापासूनची. मित्रांनो, मला लाज वाटायला हवी होती, पण मी थक्क होऊन त्या बाईकडे बघतच राहिले. तिला फरशीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि नुसतं एकदा फिरवून तिनं मला वाचलं होतं.

"बापरे," स्तेर्ग्योस पुटपुटला. "सोमवारी मी हिच्या भरवशावर मासळी बाजाराची फरशी बसवणार होतो."

माझ्या नळीवरच्या पितळी पट्टीखाली नळी सरळ करायचे दोन स्क्रू असतात. त्यानं ते तिथेच, तिच्या टेबलावर, अगदी हळू फिरवले. मला सरळ केल्यावरच त्यानं तिच्या कागदावर सही केली. खाली उतरल्यावर तो आधी खानावळीत गेला आणि न्हाणीघराची फरशी फुकट बदलून देतो म्हणाला.

मग आम्ही समुद्राकाठी गेलो. स्तेर्ग्योसनं काही न बोलता मला संगमरवरी टेबलावर ठेवलं. या वेळी बुडबुडा मध्ये थांबलाच नाही, एका कडेला जाऊन बसला. अकिलेआसचं पेन घरंगळलं आणि त्यानं ते झेललं.

"कुम्बारे, तुझं टेबल कलतंय. मी पायाखाली पाचर बसवतो," स्तेर्ग्योस म्हणाला. "माझे हिशेब कीरिया उरानिया बघेल. रविवारी जेवायला यायचं मात्र टाळायचं नाही."

अकिलेआसचा चेहरा पडला. त्यानं हातातलं पेन उलटसुलट करून पाहिलं.

"इतकी वर्षं हे पेन झेलतोय," तो म्हणाला. "मला वाटायचं, पेनच तसलं आहे."

स्तेर्ग्योसनं पाचर ठोकली. अकिलेआसनं पेन टेबलावर ठेवलं आणि सवयीनं कडेला हात धरला. पेन जागचं हललं नाही. तरी त्यानं बराच वेळ हात काढला नाही.

मित्रांनो, मासळी बाजारातलं पाणी आजही नालीतच जातं. मी आता म्हातारी झाले आहे, रोज कामावर जात नाही. मला तेल लावा, फडक्यात ठेवा, मला आवडतं ते. पण कामाला घ्याल तेव्हा आधी एकदा फिरवून बघा. मी अजिबात रागावणार नाही.